पोटरी दुखत असताना खेळायचं?

भाऊ, एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) खेळाडूंबद्दल "कोट्यवधी घेतात आन् जरा पाय दुखला की बेंचवर बसतात" हे तुमचं वाक्य काही पटलं नाही.

२३ जून २०२५ची सकाळ आठवा. आपल्याकडे साडेपाचला एनबीए फायनलचा सातवा सामना सुरू झाला, इंडियाना पेसर्स विरुद्ध ओक्लाहोमा. मी चहाचा कप घेऊन मोबाइलसमोर. पेसर्सच्या हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या सामन्यातच दुखावली होती, तरी पठ्ठ्या उतरला. पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट) मारले. मग बास्केटकडे ड्राइव्हसाठी पाय रेटला आणि कोसळला. समोर कोणी धक्कासुद्धा दिला नव्हता. तळहातानं फ्लोअर बडवत होता तो. चहा तसाच राहिला माझा. अकिलीस, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटली होती. पेसर्स हाफटाइमला एका गुणानं पुढे होते, शेवटी १०३-९१नं ओक्लाहोमा जिंकली.

त्याच प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) लिलार्ड आणि टेटम या दोन स्टार खेळाडूंचीही अकिलीसच गेली. तिघांचाही जर्सी नंबर शून्य! (अंधश्रद्धाळू नाही मी, पण आमच्या टीममध्ये तो नंबर आता कोणी मागत नाही.)

एका सीझनचे ८२ सामने, वर प्लेऑफ, त्यात अवॉर्ड हवा तर किमान ६५ खेळायचे. मग डॉक्टर थांब म्हणाला की थांबणारा कामचोर कसा? मे महिन्यात नागपूरच्या उन्हात धरमपेठेतून शिवाजी नगरच्या कोर्टावर येऊन सलग दोन गेम खेळून दाखवा, मग बोलू. तर्री पोहे माझ्याकडून.

तिकिटं काढून गेलेल्यांचा राग मात्र समजू शकतो. त्यावर उपाय एकच, सामने कमी करा. पण टीव्हीचा पैसा कोण सोडणार?