मदत हवी आहे: फेराइट नॅनोकणांच्या ईपीआरमध्ये जी २.३ आणि १५६० गॉसची रेघ

चुंबकसूची:
फेराइटच्या (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडच्या) नॅनोकणांचा एक्स-बँडवर (साधारण ९-१० गिगाहर्ट्झ) ईपीआर स्पेक्ट्रम घेतलाय (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स: चुंबकीय क्षेत्र बदलत सूक्ष्मलहरींचं शोषण मोजायचं). मोठा पसरट सिग्नल २९२० गॉसच्या आसपास, म्हणजे जी (वारंवारता आणि क्षेत्राच्या गुणोत्तरावरून निघणारा आकडा, मोकळ्या इलेक्ट्रॉनचा जवळपास २) साधारण २.३. शिवाय १५६० गॉसजवळ एक छोटी, टोकदार रेघ. नमुना गार केला की मोठा सिग्नल आणखी खाली सरकतो. याला वेर्वे संक्रमण (मॅग्नेटाइट गार करताना ठरावीक तापमानाला त्याची रचना आणि वाहकता एकदम बदलणं) म्हणता येईल का? परीक्षकांनी जी २.३ चं कारण विचारलंय आणि उत्तर लगेच पाठवायचंय. प्लीज नेमकं सांगा.

पावडर_विवर्तन:
कोणतं फेराइट? कण केवढे? वारंवारता किती? कोबाल्ट फेराइटची अनिसोट्रॉपी (चुंबकत्वाची ठरावीक दिशांकडची ओढ) इतकी जबर असते की एक्स-बँडवर रेघ पार शून्य क्षेत्रापर्यंत पसरू शकते. झिंक फेराइटची गोष्ट आणखी वेगळी. नुसतं 'फेराइट' म्हटल्यावर कोण काय सांगणार?

चुंबकसूची:
मॅग्नेटाइट, १० नॅनोमीटर, ओलेइक आम्लाचं आवरण, कोरडी पावडर. ९.४ गिगाहर्ट्झ.

टीटू_वाला:
एमआरआयसाठी असतील तर जीच्या मागे लागू नका, आर-टू (कण टी-टू किती घटवतात त्याचं माप) मोजा. लोह ऑक्साइडचे कण टी-टू (एमआरआयचा सिग्नल विरण्याचा काळ) घटवतात, प्रतिमेत तो भाग काळपट येतो. आवरण सिट्रिक आम्लाचं द्या, पाण्यात छान राहतात.

चुंबकसूची:
एमआरआयचा इथे संबंधच नाही हो.

जुनी_कॅव्हिटी:
नळी क्वार्ट्झची की साध्या काचेची? ९.४ वर जी ४.३ म्हणजे बरोबर १५६० गॉस, आणि काचेतल्या विखुरलेल्या फेरिक आयनांची ती ठरलेली जागा आहे. रिकामी नळी त्याच सेटिंगवर घेऊन बघा, मगच अर्थ लावा. नमुनाही थोडाच घाला. जास्त भरला की कॅव्हिटीचा (नमुना ठेवायच्या सूक्ष्मलहरींच्या पोकळीचा) क्यू (अनुनाद किती तीव्र आहे त्याचं माप) पडतो आणि रेघेचा आकारच बिघडतो.

पावडर_विवर्तन:
एवढे बारीक कण हवेत राहिले असतील तर बरंचसं मॅग्नेटाइट मॅगेमाइट (आणखी ऑक्सिडीकरण झालेलं लोह ऑक्साइड) झालं असणार. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाची अवस्था ओळखणारी चाचणी) करून घ्या. आणि वेर्वे १२० केल्विनच्या आसपास येतं. तुमचं सरकणं तिथेच एकदम होतं की आधीपासून?

चुंबकसूची:
२९० केल्विनपासूनच हळूहळू. १०० ला २५०० गॉसवर येतो, रुंदीही वाढते.

जुनी_कॅव्हिटी:
मग वेर्वे नाही. खोलीच्या तापमानाला कणाचं चुंबकत्व इतक्या वेगाने इकडेतिकडे हेलकावतं की अनिसोट्रॉपीचा परिणाम बराचसा सरासरीत पुसला जातो. गार केलं की हेलकावे कमी होतात, परिणाम उघडा पडतो. म्हणून रेघ रुंदावते आणि खाली जाते.

क्यूबँड_आग्रही:
यावर उपाय एकच, ३४ गिगाहर्ट्झवर (क्यू-बँडवर) घ्या. सरकणं अंतर्गत क्षेत्रामुळे असेल तर ते गॉसमध्ये जवळपास तेवढंच राहतं. ९.४ वर जी २ ची जागा ३३६० गॉस, म्हणजे तुमचा सिग्नल ४४० गॉस खाली आहे. ३४ वर ती जागा १२१५० च्या आसपास, तिथून ४४० वजा केले तर जी २.०८ भरेल. जी खराच २.३ असेल तर तो तिथेही २.३ च येईल.

जुनी_कॅव्हिटी:
हिशोब बरोबर, पण अर्धाच. ते क्षेत्र कणाच्या स्वतःच्या अनिसोट्रॉपीचं की शेजारच्या कणांच्या द्विध्रुवी ओढीचं, हे क्यू-बँड सांगणार नाही. कोरड्या पावडरीत कण एकमेकांना खेटून आहेत. पॅराफिनमध्ये विरळ करा.

क्यूबँड_आग्रही:
वाळलेली पावडर पॅराफिनमध्ये ढवळली तर गठ्ठे तसेच राहतात, फक्त गठ्ठ्यांमधलं अंतर वाढतं. कागदावर विरळ, प्रत्यक्षात काही फरक नाही.

जुनी_कॅव्हिटी:
म्हणूनच वाळवण्याआधीचा द्रव घ्यायचा. तो वितळलेल्या पॅराफिनमध्ये टाकून अल्ट्रासॉनिक द्या आणि द्रावक उडवा. थिजलेली वडी एकसारखी फिकट तपकिरी हवी. उजेडासमोर धरल्यावर काळे ठिपके दिसले तर तो नमुना बाद. वेगवेगळ्या प्रमाणांत वड्या करा. प्रमाण घटवूनही रेघ हलेनाशी झाली की उरलेलं सरकणं कणाचं स्वतःचं. परीक्षकांना ते आलेखासकट दाखवा.

चुंबकसूची:
रिकामी नळी घेतली. १५६० ची रेघ तशीच्या तशी आहे, नळी साध्या काचेची होती. क्वार्ट्झमध्ये पुन्हा घेते. वाळवण्याआधीचा द्रव थोडा शिल्लक आहे, पण हेक्झेनमध्ये. चालेल?

जुनी_कॅव्हिटी:
चालेल, लवकर उडेल. फ्यूम हूडमध्येच करा आणि जवळपास ज्योत नको. बाटलीच्या तळाशी थर बसला असेल तर तो ढवळून घेऊ नका, वरचा स्वच्छ भाग तेवढा वापरा.