मदत हवी आहे : १०६६ मध्ये इंग्लंडच्या गादीवर खरा हक्क कोणाचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेक इयर सेव्हनला आहे आणि शाळेत इतिहासाचा पहिलाच मोठा विषय १०६६. सोमवारी निबंध द्यायचाय : एडवर्डनंतर गादीवर सगळ्यात भक्कम हक्क कोणाचा होता? मी मराठी माध्यमातली, मला हे सगळं नवीन. दोन आठवडे तिच्याबरोबर वाचतेय आणि आता तिच्या एका प्रश्नापाशी आम्ही दोघीही अडकलोय.

मला कळलंय ते आधी लिहिते, चुकलं तर सांगा. इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर ५ जानेवारी १०६६ ला वारला. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचं दफन झालं आणि त्याच दिवशी हॅरल्ड गॉडविनसनचा राज्याभिषेक. हॅरल्ड म्हणजे राजाचा मेहुणा, राणी एडिथचा सख्खा भाऊ. देशातला सगळ्यात बलाढ्य सरदार, पण राजवंशातला नव्हे. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हा नात्याने लांबचा पुतण्या, कारण एडवर्ड त्याच्या वडिलांचा आत्तेभाऊ. त्याचं म्हणणं, राजाने मला फार पूर्वीच शब्द दिला होता, आणि हॅरल्डने स्वतः आमच्याकडे येऊन संतांच्या अवशेषांवर हात ठेवून शपथ घेतली होती. नॉर्वेचा राजा हारल्ड हार्डराडा याचा दावा आधीच्या राजांमधल्या एका जुन्या करारावरचा, तो मला सगळ्यात ओढूनताणून आणलेला वाटतो.

आणि मग एडगर. एडवर्डच्या सावत्र भावाचा नातू. जुन्या राजवंशातला तोच एक पुरुष उरलेला, वय पंधराच्या आतबाहेर.

मागच्या रविवारी आम्ही विल्यम आणि हॅरल्डच्या लढाईची रणभूमी बघायला गेलो. लढाई हेस्टिंग्जची म्हणतात, पण ती झाली तिथून दहाएक किलोमीटर आत, आज त्या गावाचं नावच बॅटल आहे. खालच्या ओलसर सखल भागातून टेकाड चढताना माझे बूट चिखलात रुतत होते, दम लागत होता. नॉर्मन लोक हाच चढ चिलखत घालून, घोडे घेऊन, वरच्या ढालींच्या भिंतीवर दिवसभर चढत होते. वर पडक्या मठापाशी गवतात एक सपाट दगड बसवलाय. मठाची मुख्य वेदी तिथे होती, आणि हॅरल्ड तिथेच पडला असं परंपरा सांगते. त्या दगडाशी उभं राहून लेकीने विचारलं, "आई, रक्ताचा वारस एडगर होता ना? मग त्यालाच राजा का नाही केलं?"

म्हटलं, "लहान होता गं."

"पण हॅरल्ड इथे मेल्यावर लंडनमध्ये त्यालाच निवडलं ना? नऊ महिन्यांत तो काय मोठा झाला?"

मला उत्तर देता आलं नाही. परतीच्या गाडीत ती गप्प बसून होती. तिच्या निबंधाचा पहिला परिच्छेद 'एडगरवर अन्याय झाला' असा आहे, आणि तो खोडायला सांगायचं माझं मन होत नाही. त्या काळच्या माणसाच्या नजरेने हक्क कशावरून ठरायचा? आणि विल्यमचा शब्द मोठा की हॅरल्डला राजाने मरताना दिलेला?

---

प्रतिसाद १

ताई, परिच्छेद खोडू नका, पण त्याला पाया द्या.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये 'थोरला मुलगा वारस' असा पक्का नियम नव्हता. राजघराण्यातलं रक्त, आधीच्या राजाची इच्छा आणि विटानची, म्हणजे सरदार-बिशपांच्या सभेची, संमती या तिन्ही गोष्टी लागायच्या. यातलं एखादं कमी असलं तर तलवारीने भरून काढायचे. १०१६ मध्ये डेन्मार्कचा कनूट असाच राजा झाला होता.

एडवर्डला एडगरचा विचारच नव्हता असंही नाही. एडगरचे वडील हंगेरीत परागंदा होते, त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. १०५७ मध्ये ते आले आणि लगेचच वारले. मागे राहिला हा पोरगा. रक्त होतं, पण जहागीर नाही, स्वतःची माणसं नाहीत, पाठीशी उभा राहील असा काका-मामा नाही.

जानेवारीत विटानपुढे प्रश्न होता की पोरगा गादीवर बसवला तर विल्यम आणि नॉर्वे येतील तेव्हा लढणार कोण? हॅरल्डने १०६३ मध्ये वेल्सची मोहीम फत्ते केली होती. आणि ती भीती खोटी नव्हती. सप्टेंबरमध्ये हार्डराडा सुमारे ३०० जहाजं घेऊन उत्तरेत उतरला, बरोबर हॅरल्डचा रुसलेला सख्खा भाऊ टॉस्टिग. २० तारखेला यॉर्कजवळ फुलफर्डला ते जिंकले. हॅरल्ड लंडनहून दौडत गेला आणि २५ ला स्टॅमफर्ड ब्रिजवर हार्डराडा आणि टॉस्टिग दोघेही मारले गेले. उरलेल्या नॉर्वेकरांना परत न्यायला २४ जहाजं पुरली. तीनच दिवसांनी, २८ ला, विल्यम दक्षिणेत पेव्हेन्सीला उतरला. १४ ऑक्टोबरला तुम्ही चढलात त्या टेकाडावर हॅरल्ड आणि त्याचे दोन भाऊ, गर्थ आणि लिओफवाइन, पडले.

आता लेकीचा प्रश्न. तिने नेमकं बोट ठेवलंय. ऑक्टोबरमध्ये एडगर मोठा झाला नव्हता, बाकी सगळे मेले होते. लढवय्या राजा नाही म्हटल्यावर हातात रक्ताचा हक्क तेवढा राहिला. लंडनकरांनी, यॉर्कच्या आर्चबिशपने त्याला निवडलं, पण राज्याभिषेक झालाच नाही. एडविन आणि मॉरकार या दोन अर्लांनी, म्हणजे बड्या सरदारांनी, अंग काढून घेतलं. विल्यम लंडनभोवतीचा मुलूख जाळत फिरला, आणि बर्कहॅमस्टेडला एडगरसकट सगळे शरण गेले. नाताळच्या दिवशी विल्यमच्या डोक्यावर मुकुट.

---

प्रतिसाद २

शब्दाचं सांगतो. विल्यमचा चरित्रकार, विल्यम ऑफ पॉइटियर्स, त्याच्याच पदरी धर्मगुरू होता. गंमत नाही, खरंच महत्त्वाचं आहे : एडवर्डने मरताना राज्य हॅरल्डला दिलं हे तोसुद्धा नाकारत नाही. त्याच्या लिखाणात हॅरल्डचा दूत म्हणतो की आमच्या देशात मरतानाचं दान शेवटचं आणि पक्कं मानतात. नॉर्मन बाजूचं म्हणणं, आधी दिलेला शब्द मागे घेता येत नाही, आणि वर शपथ आहे. म्हणजे दोघेही आपापल्या देशाचा रिवाज धरून बोलत होते. निबंधात हे जरूर घाला.

शपथेबद्दल मात्र सावध राहा. ती सगळी नॉर्मन बाजूने आलेली. या लढाईची गोष्ट सांगणाऱ्या बायोच्या ७० मीटर लांब भरतकामात हॅरल्ड दोन्ही हात पसरून शपथ घेताना दिसतो, पण इंग्लिश लोकांच्या अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये त्याचा उल्लेखच नाही. घेतली असेल तर परक्याच्या मुलखात, त्याच्या ताब्यात असताना. अशी शपथ बांधते का, हे लेकीलाच ठरवू दे.

---

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. 'बाकी सगळे मेले होते' हे वाचून दाखवल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पहिलं वाक्य बदललं : 'एडगरकडे हक्क होता, पण हक्काच्या बाजूने लढायला माणसं नव्हती.' वाक्य तिचंच आहे, मी काही सुचवलं नाही. आता ती विचारतेय, एडगरला विल्यमने मारलं का?

---

प्रतिसाद १

नाही. जवळ ठेवला, तो पळाला, स्कॉटलंडला गेला, उत्तरेतल्या बंडात उतरला, पुन्हा शरण आला. ११०६ मध्ये नॉर्मंडीत टँशब्रेच्या लढाईत पकडला गेला आणि सोडलाही गेला. ११२५ च्या सुमारास तो म्हातारा होऊन खेडेगावात राहत असल्याची नोंद आहे. त्याची बहीण मार्गारेट स्कॉटलंडची राणी झाली, आणि तिच्या मुलीचं लग्न ११०० मध्ये विल्यमच्या धाकट्या मुलाशी, पहिल्या हेन्रीशी झालं. लेकीला सांगा, एडगरची भाची इंग्लंडची राणी झाली.