शंभर लिटरच्या टाकीत पहिला रीफ टँक सुरू करता येईल का?

नवा_दर्यावर्दी (प्रश्न)

नमस्कार. गोड्या पाण्यातील मासे आणि पाणवनस्पती मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे आणि आता प्रवाळांचा टँक उभारण्याची मनापासून इच्छा आहे. घरात १०० लिटरची काचेची टाकी रिकामी आहे, मात्र तिच्यात पूर्वी माशांच्या आजारासाठी तांबे असलेले औषध वापरले होते. ही टाकी चालेल का, प्रोटीन स्किमर (फेसावाटे पाण्यातील सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) घ्यावाच लागतो का, वनस्पतींसाठी घेतलेला एलईडी दिवा पुरेल का आणि पाणी भरल्यानंतर पहिले प्रवाळ केव्हा सोडावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खारेपाणी

आधी तांब्याविषयी. गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळ यांना तांब्याचे अत्यल्प प्रमाणही घातक ठरते. काच ते धरून ठेवत नाही, पण वाळू, दगड आणि काही प्रमाणात सांध्यांचे सिलिकॉन ते शोषून घेऊन पुढे हळूहळू पाण्यात सोडू शकतात. त्यामुळे जुनी वाळू आणि दगड मुळीच वापरू नका. टाकी व्हिनेगरने धुवा, नंतर साध्या पाण्याने भरून काही दिवस तशीच ठेवा आणि तांब्याच्या टेस्ट किटने पाणी तपासा. किंचितही अंश दिसला, तर दुसरी टाकी घेणेच शहाणपणाचे.

आता पाणी. नळाच्या पाण्यातील फॉस्फेट आणि सिलिकेट पुढे शेवाळाचे खाद्य बनतात, म्हणून डीआय टप्पा (उरलेले आयन काढणारा भाग) जोडलेल्या आरओ फिल्टरचे, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच घ्यावे. सॉल्ट मिक्स नेहमी वेगळ्या बादलीत, लहान पंप लावून, पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत विरघळवावे; जीव असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये. क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असावे. ती रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजावी आणि तो साध्या पाण्याऐवजी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा.

गोड्या पाण्यातून येणाऱ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो ती गोष्ट म्हणजे बाष्पीभवन. पाणी उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते. १०० लिटरमधून रोज दोन लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर ३५ ची क्षारता ३७ च्या वर जाते. मग एकदम सहा लिटर ओतले की ती झटक्यात खाली येते. प्रवाळांना हा चढउतारच बाधतो. उडालेल्या पाण्याची भरपाई बिनखाऱ्या आरओ पाण्याने आणि रोज करावी. खर्च वाचवायचा असेल तर दुसरीकडे वाचवा, पण पातळी पाहून आपोआप पाणी भरणारे यंत्र जरूर घ्या.

प्रवाळछंदी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. स्किमरबद्दल मात्र माझे स्वतंत्र मत आहे. १०० लिटरमध्ये दोनच लहान मासे ठेवणार असाल आणि दर आठवड्याला दहा ते पंधरा लिटर पाणी न चुकता बदलणार असाल, तर स्किमरवाचून अडत नाही. ते पैसे दिव्यावर खर्च करावेत. प्रवाळांच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्यांना अन्न पुरवतात आणि त्यांना निळ्या पट्ट्यातला प्रकाश भरपूर लागतो. वनस्पतींच्या दिव्यात तो सहसा कमी असतो.

किती दिवस थांबावे हे दिनदर्शिका सांगत नाही, टेस्ट किट सांगते. दगड, वाळू आणि खारे पाणी भरून जिवाणूंची बाटली घालावी आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत २ भाग) न्यावा. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पुन्हा तेवढाच अमोनिया घातल्यावर तो आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले, की टँक सायकल झाला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू पुरेसे वाढले, असे समजावे. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर दगडांवर तपकिरी डायटमचा (एकपेशीय शैवालाचा) थर येईल. तो पाहून औषधे ओतू नका. गोगलगाई सोडा आणि धीर धरा.

नवा_दर्यावर्दी

दोघांचेही मनापासून आभार. सुरुवातीला कोणती प्रवाळे घ्यावीत आणि त्यांच्यासाठी नेमके काय काय तपासत राहावे?

खारेपाणी

मशरूम, लेदर कोरल आणि झोअँथिड यांसारख्या मऊ प्रवाळांपासून सुरुवात करा. अ‍ॅक्रोपोरा या कठीण सांगाड्याच्या नाजूक प्रवाळाचा विचार वर्षभर तरी नको. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा अवश्य वापरा, कारण काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. याच कारणासाठी ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये. त्या वाफेने माणसे गंभीर आजारी पडली आहेत.

कठीण सांगाड्याची प्रवाळे आल्यावर सर्वाधिक लक्ष अल्कलिनिटीवर, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्यावर, ठेवा. सांगाडा घडताना अल्कलिनिटी १ डीकेएचने (हे तिचे एकक) उतरते, तेव्हा कॅल्शियम फक्त सुमारे ७ पीपीएम कमी होते. कॅल्शियमच्या ४२० पीपीएममधले ७ घरगुती किटला जेमतेम दिसतात, पण अल्कलिनिटीच्या ८ मधला १ लगेच दिसतो. म्हणून अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा मोजा, ती ८ ते ९ च्या दरम्यान स्थिर ठेवा आणि कमी झाली तरी एका दिवसात १ पेक्षा अधिक वाढवू नका.

प्रवाळछंदी

मासे घेताना टँकमध्ये पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी निवडावी आणि ती आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवावी. खाऱ्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा रीफमध्ये शिरला, तर तांब्याचे औषध तिथे घालता येत नाही. सारे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. मँडरिन मासा कितीही मोहक वाटला तरी नव्या टँकसाठी घेऊ नये, कारण तो दिवसभर जिवंत कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) टिपत असतो आणि कोवळ्या टँकमध्ये ते पुरेसे नसल्यामुळे उपाशी मरतो.

प्रवाळ आणल्यावर ते प्रथम तळाशी, मंद प्रकाशात ठेवा आणि दिव्याची तीव्रता दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. त्याचे पॉलिप (फुलासारखे दिसणारे छोटे जीव) पूर्ण उमलू लागले की मगच त्याला वरच्या दगडावर चिकटवा.