मदत हवी आहे: बाजारातलं बंद माडीचं घर रस्त्यावर कोसळण्याच्या बेतात आहे, पावसाआधी नक्की कोणाला धरायचं?

अबोलीचा_वळेसर

नमस्कार मंडळी, इथे वाचत असते पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. गोव्यातल्या एका पालिकेच्या शहरात ऐन बाजारात आमचं दुकान आहे, दोरे, बटणं, लेस, झिपा असलं शिवणाचं सामान, सासऱ्यांच्या वेळचं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात पालिका मोजून तेरा, आणि उद्या आमचंच ट्रेड लायसन्स रिन्यू करताना काहीतरी कमी पडलं तर?

तर दुकानाच्या समोर जरा तिरकं एक जुनं घर आहे. चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, रस्त्याच्या अंगाला लांब लाकडी गॅलरी, आणि दोन खिडक्यांना अजून काचेच्या जागी शिंपल्याचे पातळ तुकडे बसवलेले आहेत, संध्याकाळी उन्हात ते दुधासारखे दिसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा खाली एक म्हातारा शिंपी बसायचा (आमचं पक्कं गिऱ्हाईक), वर दोन बहिणी राहायच्या. आधी त्या गेल्या मग शिंपीकाका गेले, आता बारा-तेरा वर्षं कुलूप.

छप्पर मध्येच खाली बसलंय. माडीच्या पातळीला भिंतीत पिंपळ आलाय, आधी रोपटं होतं, आता खोड माझ्या मनगटाएवढं झालंय, आणि त्याच्या खालून एक भेग निघून तिरकी उतरत शिंप्याच्या दाराच्या चौकटीपर्यंत आली आहे. गेल्या चवथीच्या वेळी त्या भेगेत मी करंगळी घालून बघितली होती, जेमतेम नख गेलं. शिगम्यात परत बघितली तर पहिल्या पेरापर्यंत बोट आत. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला तू आधी तिथे बोट घालणं बंद कर.

गेल्या मंगळवारी वरून चिऱ्याचा तुकडा पडला, खाली लावलेल्या एका स्कूटरच्या सीटवर. सीट फाटून स्पंज बाहेर आणि सगळी लाल भुकटी. पाचच मिनिटं आधी तिथे पोदेर सायकल लावून पाव देत होता.

आता फूटपाथ त्या घराच्या अगदी भिंतीला लागून आहे म्हणून लोक खाली उतरून रस्त्यावरून चालतात, पण रस्त्यावर तरी जागा कुठे आहे, शेजारच्या नव्या चार मजली बिल्डिंगने तळमजल्याच्या पार्किंगचे गाळे करून विकले त्यामुळे गाड्या सगळ्या बाहेर, आणि त्यातूनच मिनीबस काढतात. त्यात वर स्ट्रीटलाइटचा ब्रॅकेट याच घराच्या भिंतीवर होता, भिंत कच्ची झाली म्हणून वायरमन येऊन काढून घेऊन गेले, दुसरा खांब काही आला नाही. म्हणजे साडेसातनंतर नेमका तेवढाच तुकडा काळोखाचा, पायरीवर बाटल्या घेऊन बसलेले असतात, आणि माझी मुलगी पाचवीत आहे, तिचा क्लास सुटतो आठला.

नगरसेवकाला सांगितलं, पालिकेत अर्ज दिला. तोंडी उत्तर मिळालं की खाजगी प्रॉपर्टी आहे, मालक आणा. मालक मी कुठून आणू? पोलिस म्हणाले अजून काही घडलेलं नाही. घडल्यावर मी कशाला येऊ, पेपरवाले येतील.

कोणाला असा अनुभव असेल तर सांगा, अर्ज कुठे करायचा, कोणत्या कायद्याखाली, आणि मालकाचा पत्ता नसेल तर काहीच होत नाही का? आणि हो, मला ते घर पाडून नकोय. लोकांच्या डोक्यावर पडू नये एवढंच.

शुक्रवारचा_बाजार

आमच्या म्हापशातही अशी दोन-तीन आहेत हो ताई. लोक खालून जाताना वर बघतात आणि पावलं उचलतात, एवढीच काय ती उपाययोजना. धागा वाचतोय.

चुनखडी

बाय, मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, आता रिटायर. तू लिहिलंयस त्यावरून भिंत काय करतेय ते सांगतो.

जुन्या घरांत चिरे मातीत बसवलेले असतात आणि वरून चुन्याचा गिलावा. भिंत हातभरापेक्षा जाड, म्हणून दिसायला किल्ला वाटतो. पण सगळी मदार कौलांवर. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कौल एक जरी सरकलं तरी पाणी थेट भिंतीच्या डोक्यात शिरतं आणि आतली माती धुऊन काढतं. चिरा जागेवरच दिसतो, पण त्याला धरणारं काही राहिलेलं नसतं. मग वासे कुजले की छप्पर बसतं आणि बसताना भिंतीला बाहेर ढकलतं. म्हणून भेगेपेक्षा भिंतीचं पोट बघ. रस्त्याच्या कडेला उभं राहून भिंतीच्या रेषेत एक डोळा मिटून बघायचं, माडीच्या खाली फुगलेली दिसली तर प्रकरण तातडीचं.

पिंपळ कोणाला ओढून काढू देऊ नका! उत्साही पोरं दोरी बांधतात आणि पिंपळाबरोबर चार चिरे खाली घेतात. तो वरून छाटायचा, बुंध्यात भोकं पाडून औषध घालून मारायचा, मूळ मेलं की मग हळूहळू काढून पोकळी चुन्याने भरायची. नुसता कापला तर पुढच्या जूनला दुप्पट फुटतो.

भेग वाढतेय का हे दाखवायला काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी दोन्ही टोकांनी चिकटवायची, शेजारी तारीख लिहायची. पट्टी तुटली की भिंत हलते आहे, त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. तू लावू नकोस, खाली उभं राहायचं नाही. पालिकेचा इंजिनियर पाहणीला आला की त्याला लावायला सांग.

आणि जुनं आहे म्हणून पडतं असं नाही हां. काणकोणला ४ जानेवारी २०१४ ला पडली ती बांधकाम चालू असलेली नवीकोरी इमारत होती, ३१ माणसं गेली.

वकिलाचा_कारकून

ताई, मालक तुम्ही आणायचा नसतो, पण नाव शोधून दिलंत तर समोरच्याची पळवाट बंद होते. शहराच्या हद्दीत सातबारा वगैरे चालत नाही, इथे सिटी सर्व्हे. सर्व्हे ऑफिसला जाऊन त्या जागेचा पी. टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा) आणि चलता नंबर (त्या जागेचा) काढा आणि त्यावर फॉर्म डी, म्हणजे मालकांच्या नावांचा उतारा मागा. (गावात असतं तर एक-चौदाचा उतारा.) नावं मिळतील, बहुतेक मेलेल्या माणसांची.

धोकादायक इमारतीला नोटीस काढून ती दुरुस्त करायला किंवा उतरवायला लावण्याचा अधिकार पालिकेला १९६८ च्या गोवा म्युनिसिपालिटीज ॲक्टखाली आहे. अर्ज मुख्याधिकाऱ्याच्या नावे लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी उत्तराला काही किंमत नाही.

पण तुमच्या केसमध्ये मी थेट उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जाईन, तेच एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी असतात. आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. इमारत किंवा झाड पडून शेजारच्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याची शक्यता असेल तर ते काढा, दुरुस्त करा किंवा टेकू द्या अशी ऑर्डर काढता येते. आणि ती फक्त मालकावरच निघते असं नाही, घर ज्याच्या ताब्यात किंवा कंट्रोलमध्ये असेल त्याच्यावरही निघते. दिवाणी कोर्टात तिला आव्हान देता येत नाही. धोका अगदी तोंडावर आला असेल तर चौकशी पूर्ण होईपर्यंतच्या बंदोबस्ताची ऑर्डर कलम १६१ खाली मागा.

१५ दिवसांत हालचाल नाही तर १० रुपये भरून आरटीआय, अर्जावर काय कारवाई केली आणि पाहणीचा रिपोर्ट द्या म्हणून, त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना फुकट देतं, उत्पन्नाची अट नाही.

तिसवाडीकर

एक सूचना. अर्जात "पाडा" हा शब्द चुकूनसुद्धा लिहू नका, "सुरक्षित करा" लिहा. पणजीत फोंतेन्हाससारखा भाग कॉन्झर्वेशन झोनमध्ये आहे म्हणून तिथे काही करायचं तर परवानगीची पायरी तरी आहे. तुमच्याकडे तो झोन आहे का ते नगर नियोजन खात्यात विचारा. नसेल तर "धोकादायक, पाडा" असा नागरिकांचाच अर्ज हातात आला की सगळ्यात जास्त आनंद कोणाला होईल ते सांगायला नको. काही जण तर कौलं मुद्दाम सरकवून ठेवतात, बाकीचं काम पाऊस करतो.

शुक्रवारचा_बाजार

हेरिटेज हेरिटेज करत माणूस मेला तर? माझं तर मत सरळ आहे, पाडून टाका आणि रस्ता रुंद करा.

तिसवाडीकर

रुंद रस्त्यावर पार्किंग होईल आणि तुम्ही परत रस्त्याच्या मधोमधच चालाल.

स्विंडनची_मावशी

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते, दगड मारू नका. आमचं असंच एक घर आहे, तिकडे मडगावला. आजोबांच्या नावावर. आपल्याकडे वारशाचे नियम पोर्तुगीज वेळेपासून चालत आलेले, सगळ्या मुलांना वाटा, त्यांच्या नवरा-बायकोचीही सही लागते. आज आम्ही १९ जण आहोत, सहा इकडे इंग्लंडात, एक लिस्बनला, एकाशी कोणी बोलत नाही. २०१२ च्या नव्या कायद्याखाली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची केस, कोर्टात घातली आहे पण नोटिसा बजावण्यातच वर्षं गेली. कौलं परतायला पैसे मी एकटीने दिले तर बाकीचे म्हणतात हिला घर लाटायचंय. नाही दिले तर शेजारी म्हणतात बघा, लाज नाही. अबोलीताई, तुमचं ते घर बेवारशी नसणार, वारस जास्त झाले असणार. कोर्टात इन्व्हेंटरी चालू आहे का बघा. असली तर तिथे एक कबेसा द काझाल नेमलेला असतो, इस्टेट सांभाळणारा, नोटीस त्याच्या नावे जाऊ शकते. आम्हाला अशी नोटीस आली असती तर खरं सांगू, बरंच झालं असतं, सगळ्यांना एकदम पैसे काढावे लागले असते.

अबोलीचा_वळेसर

सगळ्यांचे खूप आभार, मावशी तुमचे विशेष. पंधरा दिवसांनी लिहितेय कारण तेवढेच हेलपाटे झाले.

फॉर्म डी मिळाला. तीन नावं, तिन्ही वारलेली. पण कारकूनदादा, तुम्ही लिहिलेलं "ताब्यात किंवा कंट्रोलमध्ये" डोक्यात राहिलं होतं आणि मला आठवलं की शिंपीकाका भाड्याने होते. त्यांचा मुलगा आमच्याच रांगेत मोबाइलची कव्हरं विकतो, रोज बघते त्याला! विचारलं तर किल्ली त्याच्याकडे. खालची खोली अजून त्याच्याच भाड्यात आहे, भाडं घ्यायला कोणी येत नाही. मी म्हटलं अरे मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, तर म्हणाला, ताई, दुरुस्त करा म्हटलं तर अख्खं घर पाडतील आणि माझी खोली जाईल, भाडेकरू म्हणून असलेला हक्क मी का सोडू. चूक कशी म्हणू त्याला. आमचं दुकानही भाड्याचंच आहे.

त्यानेच मग माडीवरच्या बहिणींचा एक भाचा शोधून दिला. फोनवर बोललो, चांगला माणूस वाटला, दहा मिनिटांत चारदा म्हणाला की माझा वाटा अगदी थोडा आहे.

अर्जात तिघांची नावं, भाच्याचा पत्ता आणि भाडेकरू म्हणून शिंप्याच्या मुलाचं नाव घातलं (त्याला विचारून, तो दोन दिवस बोलत नव्हता, मग सही करायला स्वतःच आला). "छपराचा भार उतरवावा, भिंतीला टेकू द्यावा, पिंपळ मारावा" असं चुनखडी काकांच्या शब्दांत लिहिलं. बाजारातल्या २३ दुकानदारांच्या सह्या. स्ट्रीटलाइटच्या खांबाचा अर्ज वेगळा दिला, तो दुसऱ्या खात्याचा विषय म्हणून एकात घालू नका असं काउंटरवरच्या बाईंनीच सांगितलं, देव त्यांचं भलं करो. उपजिल्हाधिकाऱ्यांकडून पालिकेला पाहणीचं पत्र गेलं, इंजिनियर आले, फोटो काढले, काचेच्या दोन पट्ट्या लावल्या आणि फूटपाथवर लाल-पांढरी टेप बांधून गेले. टेप तिसऱ्या दिवशी नाहीशी झाली, एक टोक मला मासळीच्या पाटीला बांधलेलं दिसलं.

सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. भाचा येतो म्हणालाय.

काका, एक विचारायचं होतं. वरची पट्टी शाबूत आहे पण चौकटीजवळची आज सकाळी मधून तडकलेली दिसली, तुकडे पडलेले नाहीत, नुसती केसासारखी रेघ. रस्त्याच्या पलीकडूनच मोबाइलवर झूम करून बघितली. काल रात्री वळवाचा पाऊस झाला इथे, जोराचा. सोमवारपर्यंत थांबू का?

चुनखडी

नाही. तो फोटो तारखेसकट प्रिंट करून आजच एसडीएमच्या ऑफिसात दे आणि १६१ चं आजच माग, कारकूनबाबने वर लिहिलंय ते. पालिकेच्या त्या इंजिनियरला फोन करून तडकलेल्या पट्टीचं सांग, त्याने लावली आहे, तो टाळू शकणार नाही. टेप नको, पत्रे मारून फूटपाथ बंद करायला सांग. माती खाली गळताना दिसली किंवा चिरा सुटला तर विचार न करता १०१. पोदेराला आणि त्या कव्हरवाल्या पोराला सांगून ठेव, दाराजवळ जायचं नाही, किल्ली असली तरी.

अबोलीचा_वळेसर

निघाले. दुकान नवऱ्यावर सोडलंय, झिपांचे नंबर त्याला कळत नाहीत पण आज चालेल.