धाकटं बाळ घरात असताना दोघांनी धावायचं: एकत्र की पाळीपाळीने?

पहाटफेरी
आमची मुलं चार वर्षांची आणि दीड वर्षाची. धाकटी झाल्यापासून दोघांचीही वजनं वाढली. तिला कडेवर घेऊन दोन जिने चढलो की बोलता येत नव्हतं, इतका दम लागायचा. तीन महिन्यांपूर्वी आम्ही धावायला सुरुवात केली. ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा, नऊ आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. जॉश क्लार्क यांनी तो १९९६ मध्ये तयार केला, तो मुळात आपल्या पन्नाशीच्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. आठवड्याला तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग वीस मिनिटं आळीपाळीने एक मिनिट धावायचं आणि दीड मिनिट चालायचं. आता मी न थांबता अर्धा तास धावतो. जिनाही सहज चढतो.

माझं मत स्पष्ट आहे. मुलं लहान असताना पाळी लावूनच धावावं. एक घरी, एक बाहेर. एकत्र धावायचं ठरवलं की मुलं कोणाकडे ठेवायची इथेच गाडी अडते, आणि एक दिवस हुकला की दोघांचाही हुकतो. तुमचा अनुभव काय?

तीनचाकी
मला हे पटत नाही. पाळी म्हणजे नवरा-बायकोने दारात एकमेकांच्या हातात मूल द्यायचं आणि निघायचं. दिवसभर तेच तर चालू असतं. आम्ही धाकट्याला धावण्यासाठीच्या तीनचाकी गाडीत बसवतो, मोठा सायकलवर पुढे. दोघं शेजारी धावतो. दिवसातलं आमचं एकमेव सलग बोलणं तेव्हाच होतं, आणि बोलता येतंय म्हणजे वेगही बरोबर आहे हे आपोआप कळतं.

फक्त नेहमीची बाबागाडी घेऊन धावू नका. मोठी चाकं हवीत, पुढचं चाक सरळ अडकवता यायला हवं, ब्रेक आणि मनगटाला बांधायचा पट्टा हवा. बाळाने मान पक्की धरलेली हवी. सहा महिन्यांच्या आत तर नाहीच, आणि त्यानंतरही आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

उंबरठा
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे. पाळी कागदावर सारखी असते, घरात नसते. आमच्याकडे नवऱ्याचा दिवस ‘ठरलेला’ असायचा आणि माझा ‘जमलं तर’. बाळाला कणकण आली, माझा दिवस रद्द. पाऊस आला, नवरा पाऊस थांबल्यावर गेला. तोवर माझी कामावर जायची वेळ झाली. कोणी मुद्दाम केलं नाही. पण मी बूट घालायला बसले की धाकटा येऊन नाडीचं टोक मुठीत धरायचा आणि सोडायचाच नाही, आणि ती मूठ उघडायला उठून कोणी यायचं नाही.

पहाटफेरी, एक विनंती. तुमचे दोघांचे बूट उलटे करून तळ बघा. एकाच वेळी घेतले असतील तर सारखे झिजलेले असायला हवेत.

आणि तीनचाकी, गाडी ढकलत धावणं हे माझ्यासाठी धावणं नव्हे. मला तो अर्धा तास कोणाचीही आई नसताना हवा असतो. हे म्हणायला मला बराच काळ लाज वाटली, आता वाटत नाही.

अर्धी झोप
मी उलट बाजूने बोलतो. दीड वर्षाचं मूल रात्री दोनदा उठवत असेल तर पहाटे पाचला धावू नये. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. मी ती तोडून धावलो. सहाव्या आठवड्यात नडगीचं हाड इतकं दुखायला लागलं की मूल उचलून उभं राहता येईना. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. दम पुरतो म्हणून आपण अंतर वाढवतो आणि पाय बोलतात. त्यात झोप नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. २०२० च्या शिफारशींत त्यांनी ‘एका वेळी किमान दहा मिनिटं’ ही जुनी अटही काढली. भरभर चालणंही मोजलं जातं. मुलं मोठी होईपर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

उंबरठा
बिघडतं. ‘मुलं मोठी होईपर्यंत’ हे वाक्य शेवटी एकाच्याच वाट्याला येतं.

झोपेचं मान्य. त्याहून महत्त्वाचं, बाळंतपणानंतर घाई नको. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन महिन्यांच्या आत धावू नये असं म्हटलंय, आणि त्यानंतरही लघवी निसटत असेल किंवा ओटीपोटात खाली ओढल्यासारखं जड वाटत असेल तर आधी तपासून घ्या. मी पाचव्या महिन्यात धावले, जड वाटत होतं, कोणाला सांगितलं नाही. पुढे दोन महिने फक्त ओटीपोटाचे व्यायाम करावे लागले. पण माझी धाव पहाटेला कोणी बांधलेली नाही. मी संध्याकाळी मुलं अंघोळीला गेली की निघते. अंघोळ नवरा घालतो.

तीनचाकी
संध्याकाळची वेळ चांगली आहे. एकट्याने धावायची गरज असते हे मी धरलंच नव्हतं. बायकोला विचारलं, ती म्हणाली, आठवड्यातला एक दिवस गाडीशिवाय हवा. एकत्र धावणं मी सोडणार नाही, तो एक दिवस तिचा.

पहाटफेरी
काल रात्री बूट उलटे केले. एकाच दिवशी घेतले होते. माझ्या टाचेची बाहेरची कड गुळगुळीत झाली आहे. तिच्या तळाच्या खाचांमध्ये अजून नव्या रबराची चकाकी आहे. मग वही काढली: माझ्या चौतीस फेऱ्या, तिच्या अकरा. मी वर लिहिलं होतं ‘आम्ही धावायला सुरुवात केली’, ते खरं नव्हतं.

पाळीचं मत मी बदलत नाही, तिलाही एकटंच धावायचं आहे. पण आता आठवड्याच्या वहीत आधी तिचे तीन दिवस लिहिले जातात, उरलेल्यांत माझे. मूल आजारी पडलं तर त्या दिवशीची माझी धाव रद्द, तिची नाही. ती परत पहिल्या आठवड्यापासून सुरू करते आहे. आज मोठा दारात उभा राहून तिच्या साठ सेकंदांचे आकडे मोजत होता. त्याला एकोणतीसच्या पुढे येत नाही, म्हणून त्याने दोनदा मोजले.