भावना, आठवणी, वेगळेपण नसलेलं शहर: विज्ञानकथेत पटेल असं कसं उभं करावं?

शाईदौत
दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितेय. काळ दोनशे वर्षांनंतरचा. शहरात कुणाला राग-लोभ नाही, मागचं आठवत नाही, सगळे एका साच्यातले. रोज सकाळी प्रत्येकाला गोळी मिळते, एवढं ठरलंय. पण ‘गोळी घेतली नि भावना गेल्या’ एवढ्यावर वाचक विश्वास ठेवणार नाही. शरीरात नेमकं काय बंद पडेल? आणि ही व्यवस्था कुठून फुटेल?

चेतातंतू
सगळं एका गोळीवर टाकू नका. भीती, स्मरण, निर्णय यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या आहेत.

खरं औषध हवं तर प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचं औषध बघा. १९९४च्या एका प्रयोगात ते आधी देऊन लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. गोष्टीतला हादरवणारा भाग त्यांना इतरांपेक्षा कमी आठवला, साधा भाग मात्र इतरांइतकाच. म्हणजे आठवण पुसली जात नाही, तिची धार जाते. दम्याच्या रुग्णाला हे औषध देत नाहीत, कारण श्वासनलिका आवळतात. नायिकेला दमा द्या. गोळी तिला का मिळत नाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

भीतीचं केंद्र अमिग्डला. ते दोन्ही बाजूंनी निकामी झालेली एक स्त्री साप हातात धरायची. पण ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदाच हुंगवल्यावर तीही घाबरीघुबरी झाली. गुदमरण्याची भीती दुसऱ्या वाटेने येते. शहरात बंद भुयारं असतील तर हे वापराच.

आणि भावना गेल्या की माणूस थंड डोक्याने अचूक वागेल असं समजू नका. मेंदूचा कपाळामागचा खालचा भाग दुखावलेले काही रुग्ण बुद्धीच्या चाचणीत उत्तम असतात, पण अशा एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांतली एक निवडायला जवळजवळ अर्धा तास लागला. तुमच्या शहरात प्रत्येक क्षुल्लक गोष्टीचा लेखी नियम लागेल.

जुनीपानं
‘मागचं विसरलं, रोजचं आठवतं’ हे मेंदूच्या रीतीच्या उलट आहे. १९५३ साली एका अमेरिकन रुग्णाच्या मेंदूतल्या दोन्ही हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागांचा, मोठा हिस्सा काढला. त्याचं बालपण शाबूत राहिलं, नवीन काही टिकेना. त्यामुळे भूतकाळ पुसायचं काम औषधाकडे नको, व्यवस्थेकडे द्या.

ती कशी चालते ते कंबोडियात दिसतं. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी घेतली आणि काही दिवसांत ती रिकामी केली. पैसा रद्द, बाजार बंद, सगळ्यांना काळे कपडे, पुढे घरची चूलही बंद करून सामुदायिक भोजनगृहं. आप्तांसाठी रडणंही धोक्याचं होतं. पण दुःख संपलं नव्हतं, लपलं होतं. जानेवारी १९७९मध्ये सत्ता पडेपर्यंत पंधरा ते वीस लाख माणसं गेली.

तुमच्या कथेसाठी मोलाची गोष्ट पुढे आहे. याच राजवटीने तुओल स्लेंगच्या तुरुंगात कैद्यांचे फोटो काढले, कबुलीजबाब लिहून घेऊन जपले, आणि तीच कागदपत्रं नंतर खटल्यात पुरावा ठरली. हुकूमत चालवायला दप्तर लागतंच. शहर विसरलं तरी कुणीतरी लिहून ठेवत असणार.

बिनरंग
साच्याबद्दल थोडं. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांचेही बोटांचे ठसे वेगळे असतात, त्यामुळे क्लोन केले तरी फरक उरेल. रंग काढायचे असतील तर डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या शंकुपेशी बंद करू नका. पॅसिफिकमधल्या पिंगेलाप बेटावरच्या जन्मजात रंगांध लोकांचे डोळे भर उन्हात दिपतात. दोष मेंदूतल्या रंगकेंद्रात ठेवा, म्हणजे पात्रं दुपारी बाहेर पडू शकतील.

शाईदौत
दम्याची नायिका दप्तरखान्यात, ठरलं. तिचा मित्र गोळी चोरून थुंकतो. त्याला पहिल्यांदा काय जाणवेल?

चेतातंतू
आनंद तर नाहीच. प्रोप्रॅनोलॉलच्या साध्या गोळीचा अंमल काही तासांचा, म्हणून दिवसातून दोन-तीनदा वाटप दाखवा. बराच काळ घेऊन एकदम बंद केली की रक्तदाब चढतो, नाडी धावते, हात कापतात, घाम फुटतो. नाडी मोजणारं यंत्र दाराशी असेल तर तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच पकडला जाईल. वाचवायचा असेल तर त्याला डोस हळूहळू, निदान आठवडाभर घेऊन, कमी करू द्या.