मदत हवी आहे: मीलवर्मच्या ट्रेमध्ये माइट्स (धान्यातले बारीक कोळी) झालेत, अंड्यांचा भुसा वाचवता येईल का?

मंडळी, कुणी घरी मीलवर्म (कोंबड्यांना खायला घालतात त्या भुंग्यांच्या अळ्या) पाळत असेल तर कृपया सांगा. मी कळंब्यात राहते. परसात सहा गावरान कोंबड्या आहेत, त्यांच्यासाठी दिवाळीपासून तीन ट्रे चालवतेय. एकात मोठ्या अळ्या, एकात कोष, एकात भुंगे. खाली गव्हाचा भुसा, ओलाव्याला गाजराच्या चकत्या.

पंधरा दिवस पावसानं उघडीप दिलेली नाही, भिंतींनाही ओल आलीय. परवा भुंग्यांच्या ट्रेच्या कडेला फिकट तपकिरी धूळ दिसली. आधी वाटलं, पीठ सांडलंय. टॉर्च लावून बघितलं तर ती सरकत होती. चिमूटभर बोटांत चोळली तर पुदिन्यासारखा वास आला. काल गाजराची चकती उलटली, खालची बाजू गच्च भरलेली, आणि भुंग्यांच्या पोटाखाली, पायांच्या सांध्यातही तेच.

मोठ्या अळ्या चाळून घेईन. पण भुंग्यांच्या भुशात अंडी आहेत, केसाएवढी पिल्लंही आहेत. ती चाळणीत माइट्सबरोबरच खाली जातात. भुसा फेकला तर दोन महिन्यांची पुढची पिढी गेली. औषध मारायचं नाही, कोंबड्या खाणार आहेत. शिवाय हे स्वयंपाकघरातल्या पिठात शिरतील का? सासूबाईंना तीच काळजी आहे.

प्रतिसाद

ताई, भुसा फेकू नका. वांग्यावर लाल कोळी येतो ना, त्याच जातकुळीतले हे आठ पायांचे जीव. धान्यातले कोळी हवेतल्या दमटपणावर जगतात, कोरड्या हवेत सुकून मरतात. मीलवर्म मात्र कोरड्या भुशात बरेच दिवस काढतो. तुमचा सगळा डाव याच फरकावर आहे.

भुंगे आजच उचलून नव्या भुशात घाला. अंड्यांचा भुसा बोटभर जाडीचा पसरा, गाजर पूर्ण बंद, वर झाकणाऐवजी पातळ सुती कापड. शेजारी बल्ब लावा, पण थर्मामीटर ठेवा, ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उन्हात तर नकोच, अंडी भाजतील. दोन-तीन आठवडे असंच राहू द्या. काही माइट्स कडक कवचाच्या अवस्थेत तग धरतात, म्हणून धूळ दिसेनाशी झाली तरी लगेच गाजर टाकू नका.

मोठ्या अळ्यांच्या ट्रेत रात्री बटाट्याची एक चकती ठेवा. सकाळी माइट्ससकट उचलून साबणाच्या पाण्यात टाका. कोष वर्तमानपत्रावर ठेवा, त्यांना भुसा लागतच नाही.

नवा भुसा आठवडाभर फ्रीझरमध्ये, बंद पिशवीत. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर भुशाला पाणी सुटतं. अंड्यांचा भुसा चुकूनही फ्रीझरमध्ये घालू नका. आत्ता भुंग्यांना घाईनं हवा असेल तर थोडा नवा भुसा कढईत मंद आचेवर परतून गार करून घ्या.

पिठात शिरू शकतात, तेव्हा ट्रे स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, कडांना व्हॅसलिन लावा. चाळताना मास्क घाला, या धुळीनं काहींना शिंका आणि खाज सुटते.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. भुसा परतून भुंगे हलवले, ट्रे माळ्यावरच्या खोलीत नेले, बल्ब लावलाय. आत्ता २९ अंश आहे. बटाट्याची चकती रात्री ठेवते. पिल्लं डोळ्याला दिसायला लागली की इथेच लिहीन.